संगणकावर वर्गमूळ काढणे

संगणकावर वर्गमूळ काढणे म्हणजे एखाद्या संख्येचे वर्गमूळ संगणकात मुळातच उपलब्ध असलेल्या साधनांच्या साहाय्याने मिळवणे होय. कॅल्क्युलेटर, स्प्रेडशीट, प्रोग्रामिंग भाषा, डेटाबेस आणि खुद्द प्रोसेसर या सर्व पातळ्यांवर अशी साधने असतात. बहुतेक ठिकाणी या फंक्शनचे नाव एसक्यूआरटी असे असून ते 'स्क्वेअर रूट' या इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप आहे. वर्गमूळाचे उत्तर किती अचूक असावे हे आयईईई ७५४ या मानकाने ठरवून दिलेले आहे. त्यामुळे हे मानक पाळणाऱ्या निरनिराळ्या संगणकांवर एकाच संख्येचे, एकाच प्रकारच्या मांडणीत काढलेले वर्गमूळ शेवटच्या अंकापर्यंत सारखे येते. मात्र बहुतांश संख्यांच्या बाबतीत हे उत्तर खरे वर्गमूळ नसते, तर संगणकाला मांडता येणारी, खऱ्या वर्गमूळाच्या सर्वांत जवळची संख्या असते. हा फरक लक्षात न घेतल्यास पूर्ण वर्ग ओळखणे, मोठ्या पूर्णांकांचे गणित आणि जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी यांत चुकीची उत्तरे मिळू शकतात.

या लेखात फंक्शनांची नावे देवनागरीत उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकावी लागतात.

## गणिती पार्श्वभूमी

ज्या संख्येचा वर्ग केला असता दिलेली संख्या मिळते, तिला दिलेल्या संख्येचे वर्गमूळ म्हणतात. प्रत्येक धन संख्येला दोन वर्गमुळे असतात. उदाहरणार्थ, २५ ची वर्गमुळे ५ आणि −५ ही आहेत. √ हे करणी चिन्ह मात्र केवळ धन वर्गमूळ दाखवते आणि संगणकातील साधनेही तेवढेच उत्तर देतात. त्यामुळे 'क्ष² = २५' यासारखे समीकरण सोडवताना ऋण उकल वापरणाऱ्याने स्वतः विचारात घ्यावी लागते.

१, ४, ९, १६ या पूर्ण वर्ग संख्यांची वर्गमुळे पूर्णांक असतात. जी धन पूर्णांक संख्या पूर्ण वर्ग नाही, तिचे वर्गमूळ अपरिमेय असते. म्हणजे त्याचा दशांश विस्तार संपत नाही आणि ठरावीक अंकगटाने आवर्तही होत नाही. २ चे वर्गमूळ १.४१४२१३५६२३७३०९५०४८८... असे पुढे चालूच राहते. संगणकाची स्मृती मर्यादित असल्यामुळे असा विस्तार कोठेतरी थांबवावाच लागतो. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसते. तिची वर्गमुळे संमिश्र संख्यांत मिळतात.

## इतिहास

### प्राचीन पद्धती

येल विद्यापीठाच्या संग्रहातील वायबीसी ७२८९ या बॅबिलोनी मातीच्या पाटीवर २ चे वर्गमूळ षष्टिमान पद्धतीत १. २४, ५१, १० असे कोरलेले आहे. दशमान पद्धतीत हे मूल्य सुमारे १.४१४२१३ होते. ही पाटी साधारणपणे इ.स.पू. १८०० ते १६०० या काळातील मानली जाते. बौधायन शुल्बसूत्रात हेच वर्गमूळ १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४) अशा स्वरूपात येते. त्याचे मूल्य ५७७/४०८, म्हणजे सुमारे १.४१४२१५७ आहे.

इ.स.च्या पहिल्या शतकातील अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आपल्या 'मेट्रिका' या ग्रंथात अंदाज क्रमाक्रमाने सुधारत नेण्याची पद्धत दिली. इ.स. ४९९ मधील 'आर्यभटीय' या ग्रंथाच्या गणितपादात एकेक अंक काढत जाण्याची रीत सांगितली आहे. शाळेत शिकवली जाणारी, अंकांच्या जोड्या पाडून वर्गमूळ काढण्याची भागाकार पद्धत याच प्रकारची आहे. संगणक आजही मुख्यतः या दोन मार्गांचाच अवलंब करतात: अंदाज सुधारणे किंवा एकेक अंक ठरवणे.

### यंत्रे आणि संगणक

कोनराड झुसे याने १९४१ साली बर्लिनमध्ये तयार केलेल्या झेड३ या यंत्रात चार मूलभूत क्रियांसोबत वर्गमूळाची स्वतंत्र आज्ञा होती. अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या एनिॲक या इलेक्ट्रॉनिक संगणकात भागाकार आणि वर्गमूळ यांसाठी एक वेगळा विभाग होता. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत वर्गमूळाचे फंक्शन भाषेबरोबरच मिळत असे. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या १९७२ सालच्या एचपी-३५ या हातात मावणाऱ्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळाची कळ होती.

सुरुवातीच्या घरगुती संगणकांतील प्रोसेसर या बाबतीत मागे होते. ६५०२ आणि झेड८० या प्रोसेसरांना गुणाकाराचीही स्वतंत्र आज्ञा नव्हती. अशा संगणकांवरील बेसिक भाषेच्या काही आवृत्त्या लॉगरिदम घेऊन, त्याचे अर्धे करून वर्गमूळ काढत. ही रीत संथ होती आणि शेवटचे अंक चुकण्याची शक्यता असे. इंटेल कंपनीच्या १९८० सालच्या ८०८७ या गणिती साहाय्यक प्रोसेसरात वर्गमूळाची आज्ञा होती. १९८९ पासून ८०४८६ मालिकेत हा गणिती भाग मुख्य प्रोसेसरातच समाविष्ट झाला. सध्याच्या संगणकांतील आणि स्मार्टफोनमधील प्रोसेसरांत ही आज्ञा सर्रास आढळते.

## गणनपद्धती

### संख्या लहान मर्यादेत आणणे

दिलेली संख्या कितीही मोठी अथवा लहान असली, तरी प्रथम ती १ ते ४ या मर्यादेतील एक संख्या आणि ४ चा एखादा घात यांच्या गुणाकाराच्या रूपात लिहिली जाते. ४ च्या घाताचे वर्गमूळ २ चा घात असल्याने तो भाग लगेच सुटतो. उदाहरणार्थ, ८० = १.२५ × ४³; म्हणून √८० = √१.२५ × ८. संगणक संख्या द्विमान पद्धतीत साठवत असल्यामुळे ही पायरी त्याला जवळजवळ फुकट पडते: घातांक निम्मा करावयाचा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष श्रम १ ते ४ या छोट्या पट्ट्यातील संख्यांपुरतेच उरतात.

### अंदाज सुधारण्याची पद्धत

हेरॉनची पद्धत ही न्यूटन-रॅफसन पद्धतीचे एक विशेष रूप आहे. तिचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे:

नवा अंदाज = (जुना अंदाज + संख्या ÷ जुना अंदाज) ÷ २

अंदाज खऱ्या वर्गमूळापेक्षा मोठा असेल, तर संख्येला त्याने भागून येणारा भागाकार वर्गमूळापेक्षा लहान असतो, आणि उलटही. म्हणून दोहोंची सरासरी वर्गमूळाच्या अधिक जवळ जाते. २ च्या वर्गमूळासाठी १ या अंदाजापासून सुरुवात केल्यास पुढील मूल्ये मिळतात:

- पहिली फेरी: ३/२ = १.५
- दुसरी फेरी: १७/१२ = १.४१६६६...
- तिसरी फेरी: ५७७/४०८ = १.४१४२१५६...
- चौथी फेरी: ६६५८५७/४७०८३२ = १.४१४२१३५६२३७४६...

दुसऱ्या फेरीत दशांशचिन्हानंतरचे २, तिसऱ्या फेरीत ५ आणि चौथ्या फेरीत ११ अंक बरोबर येतात. बरोबर अंकांची संख्या प्रत्येक फेरीत साधारण दुप्पट होते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. तिसऱ्या फेरीतील अपूर्णांक बौधायनाच्या मूल्याशी तंतोतंत जुळतो. प्रोसेसरात पहिला अंदाज १ न घेता आधीच साठवलेल्या छोट्या कोष्टकातून घेतला जातो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या पुरतात. भागाकाराची क्रिया संथ असल्याने अनेक ठिकाणी आधी वर्गमूळाचा व्यस्त काढतात आणि शेवटी त्याला मूळ संख्येने गुणतात.

### एकेक अंक ठरवण्याची पद्धत

शाळेतील भागाकार पद्धतीत प्रत्येक पायरीला ० ते ९ पैकी योग्य अंक शोधावा लागतो. द्विमान पद्धतीत अंक ० किंवा १ एवढेच असल्यामुळे शोधण्यासारखे काही उरत नाही. वजाबाकी शक्य असेल तर १, नसेल तर ०. या रीतीला केवळ वजाबाकी आणि अंक सरकवणे एवढ्याच क्रिया लागतात. म्हणून गुणाकाराची सोय नसलेल्या लहान प्रोसेसरांसाठी ती सोयीची ठरते. तिच्या सुधारित आवृत्त्या एका पायरीत एकाहून अधिक द्विमान अंक ठरवतात.

## आयईईई ७५४ मानक

संगणक दशांश अपूर्णांक साधारणपणे फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे चल दशांशबिंदू, या मांडणीत साठवतो. तिचे नियम आयईईई ७५४ या मानकात दिलेले आहेत. हे मानक १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि २००८ व २०१९ साली त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मूळ मानकाच्या निर्मितीत विल्यम कहान या गणितज्ञाचा प्रमुख वाटा होता. त्यांना १९८९ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दुहेरी अचूकतेच्या मांडणीत एका संख्येसाठी ६४ बिट असतात: १ चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांकासाठी. यातून प्रत्यक्षात ५३ द्विमान अंकांची अचूकता मिळते, जी दशमान पद्धतीतील सुमारे १६ सार्थ अंकांएवढी असते.

मानकानुसार चार मूलभूत क्रियांप्रमाणेच वर्गमूळाचेही उत्तर असे असले पाहिजे, की जणू आधी अनंत अंकांपर्यंत खरे उत्तर काढले आणि नंतर ते सर्वांत जवळच्या मांडता येणाऱ्या संख्येवर आणून ठेवले. साइन किंवा लॉगरिदम यांसारख्या फंक्शनांच्या बाबतीत मानक अशी सक्ती करत नाही. याचे कारण वर्गमूळाच्या स्वरूपात आहे. वर्गमूळाचे उत्तर तपासणे सोपे असते. दोन लगतच्या उमेदवार संख्यांपैकी कोणती जवळची हे ठरवण्यासाठी त्यांच्या मध्यबिंदूचा वर्ग काढून तो दिलेल्या संख्येशी ताडून पाहिला की पुरते. शिवाय तो वर्ग दिलेल्या संख्येएवढा कधीच येत नाही. मध्यबिंदू लिहायला ५४ द्विमान अंक लागतात आणि त्याचा वर्ग ५३ अंकांत मावत नाही. म्हणून बरोबरीचा पेच उद्भवत नाही. साइन किंवा लॉगरिदमसाठी अशी साधी तपासणी उपलब्ध नाही.

मानकात काही विशेष प्रसंगांचे नियमही आहेत. ऋण संख्येचे वर्गमूळ 'नॅन', म्हणजे 'संख्या नाही', या खास मूल्याने दाखवले जाते. अनंताचे वर्गमूळ अनंत असते. ऋण शून्याचे वर्गमूळ ऋण शून्यच मानले जाते.

## उपलब्ध साधने

### कॅल्क्युलेटर

संगणक आणि स्मार्टफोन यांवरील कॅल्क्युलेटरमध्ये वर्गमूळासाठी √ ही कळ असते. काही स्मार्टफोनांवर ती फक्त वैज्ञानिक मांडणीत दिसते. विंडोज प्रणालीच्या कॅल्क्युलेटरमध्ये कळफलकावरील ॲट चिन्हाची कळ दाबूनही वर्गमूळ निघते. या कॅल्क्युलेटरच्या जुन्या आवृत्त्यांत ४ च्या वर्गमूळातून २ वजा केल्यास शून्याऐवजी एक अतिसूक्ष्म ऋण संख्या दिसत असे. पडद्यावर २ दिसत असले, तरी आत साठवलेले मूल्य किंचित कमी होते. पूर्ण वर्गांच्या बाबतीतील हा दोष २०१८ साली दूर करण्यात आला.

### स्प्रेडशीट

मायक्रोसॉफ्ट एक्सेल, लिबरऑफिस कॅल्क आणि गूगल शीट्स यांत ए१ या कप्प्यातील संख्येचे वर्गमूळ '=एसक्यूआरटी(ए१)' या सूत्राने मिळते. '=ए१^०.५' असे घात चिन्ह वापरूनही तेच साधता येते. घनमूळ किंवा त्यापुढील मुळांसाठी घाताचीच रीत वापरावी लागते. एक्सेल एखादी संख्या जास्तीत जास्त १५ सार्थ अंकांपर्यंत दाखवते. ऋण किंवा संमिश्र संख्यांच्या वर्गमूळासाठी आयएमएसक्यूआरटी हे वेगळे फंक्शन आहे.

### प्रोग्रामिंग भाषा आणि डेटाबेस

सी भाषेत वर्गमूळाचे फंक्शन मॅथ या हेडर फाइलमध्ये, तर पायथनमध्ये मॅथ या मॉड्यूलमध्ये असते. जावा आणि जावास्क्रिप्ट यांत ते मॅथ या नावाखाली मिळते. आर, मॅटलॅब आणि एसक्यूएल यांत ते थेट वापरता येते. युनिक्स व लिनक्सवरील बीसी या आज्ञावलीत किती दशांश स्थळे हवीत हे 'स्केल' या चलाने ठरवता येते. स्केलचे मूल्य न दिल्यास बीसी २ चे वर्गमूळ १ असे देते, कारण त्याचे मूळ मूल्य शून्य असते.

ऋण संख्या दिल्यास निरनिराळी साधने निरनिराळी वागतात:

| साधन | ऋण संख्येचे वर्गमूळ मागितल्यास |
|---|---|
| एक्सेल, गूगल शीट्स | '#एनयूएम!' हा संदेश |
| लिबरऑफिस कॅल्क | ५०२ क्रमांकाची त्रुटी |
| सी, जावा, जावास्क्रिप्ट | नॅन |
| आर | इशारा आणि नॅन |
| पायथन (मॅथ मॉड्यूल) | मूल्यविषयक त्रुटी देऊन काम थांबते |
| पायथन (सीमॅथ मॉड्यूल) | संमिश्र उत्तर |
| मॅटलॅब | संमिश्र उत्तर |
| मायएसक्यूएल | नल, म्हणजे रिकामे मूल्य |
| पोस्टग्रेएसक्यूएल | त्रुटी |

नॅन किंवा नल देणारी साधने काम थांबवत नाहीत, त्यामुळे चूक नेमकी कोठे झाली हे पुढील गणितात शोधणे अवघड जाते. संख्या ऋण असण्याची शक्यता असल्यास वर्गमूळ काढण्यापूर्वीच ती तपासणे इष्ट असते.

## मर्यादा आणि वारंवार होणाऱ्या चुका

### वर्ग केल्यावर मूळ संख्या न मिळणे

दुहेरी अचूकतेत २ चे वर्गमूळ १.४१४२१३५६२३७३०९५१ असे मिळते. त्याचा वर्ग केल्यास २ ऐवजी २.०००००००००००००००४ येतो. ३ च्या बाबतीत २.९९९९९९९९९९९९९९९६ येतो. हा यंत्राचा दोष नव्हे. अपरिमेय संख्येच्या जागी तिच्या जवळची संख्या घेतल्याचा तो अपरिहार्य परिणाम आहे. याउलट आधी वर्ग करून नंतर वर्गमूळ काढल्यास, संख्या मांडणीच्या मर्यादेबाहेर जात नसतील, तर मूळ धन संख्या नेहमी परत मिळते. म्हणून अशा दोन उत्तरांची तुलना बरोबरीच्या चिन्हाने न करता, त्यांतील फरक पुरेसा लहान आहे की नाही हे पाहून करतात.

### पूर्ण वर्गाची चुकीची ओळख

एखादी संख्या पूर्ण वर्ग आहे का हे पाहण्यासाठी तिचे वर्गमूळ पूर्णांक येते का एवढेच तपासणे, ही विद्यार्थ्यांच्या प्रोग्राममध्ये नेहमी आढळणारी रीत आहे. लहान संख्यांना ती लागू पडते; मोठ्या संख्यांना नाही. ६,७१,०८,८६५ चा वर्ग ४,५०,३५,९९,७६,१५,८८,२२५ आहे. त्यापेक्षा एकने लहान असलेल्या ४,५०,३५,९९,७६,१५,८८,२२४ या संख्येचे खरे वर्गमूळ ६,७१,०८,८६४.९९९९९९९९२५... असे आहे, म्हणजे ती पूर्ण वर्ग नाही. तरीही दुहेरी अचूकतेत तिचे वर्गमूळ ६,७१,०८,८६५ हेच येते, कारण मांडता येणाऱ्या संख्यांत सर्वांत जवळची तीच आहे. संख्या अचूक साठवलेली आणि वर्गमूळ मानकाप्रमाणे अगदी बरोबर, तरी निष्कर्ष चुकीचा, असे हे उदाहरण आहे. वर्गमूळाचा पूर्णांक भाग चुकवणारी ही सर्वांत लहान धन पूर्णांक संख्या होय.

९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ (२ चा ५३ वा घात) या संख्येच्या पुढे तर सर्व पूर्णांक दुहेरी अचूकतेत मांडताही येत नाहीत. त्यामुळे वर्गमूळ काढण्यापूर्वीच संख्या बदललेली असू शकते.

### लेखनातील चुका

सी आणि जावा या भाषांत १/२ हा पूर्णांकांचा भागाकार असून त्याचे उत्तर शून्य येते. म्हणून घाताच्या फंक्शनला १/२ हा घातांक दिल्यास कोणत्याही संख्येचे 'वर्गमूळ' १ असे मिळते, त्याऐवजी ०.५ लिहावे लागते. पायथनमध्ये −४ चा ०.५ वा घात कंसाविना लिहिल्यास आधी घात काढला जाऊन नंतर ऋण चिन्ह लागते आणि उत्तर −२ येते. एक्सेलमध्ये मात्र ऋण चिन्ह आधी लागते आणि त्रुटीचा संदेश येतो. फंक्शनांच्या नावांतही फसगत होऊ शकते: बेसिक भाषेत एसक्यूआर म्हणजे वर्गमूळ, तर पास्कल भाषेत त्याच नावाचे फंक्शन वर्ग काढते.

### जवळच्या संख्यांची वजाबाकी

दोन जवळजवळ समान वर्गमुळांची वजाबाकी केल्यास त्यांचे सुरुवातीचे समान अंक एकमेकांना छेदतात आणि अचूकता घटते. १०,००,००,००,००,००१ आणि १०,००,००,००,००,००० या संख्यांच्या वर्गमुळांतील खरा फरक जवळजवळ ०.००००००५ आहे. थेट वजाबाकीने ०.००००००५००००३८ असे उत्तर मिळते, म्हणजे सुमारे १६ पैकी पाचच सार्थ अंक विश्वासार्ह उरतात. हाच फरक '१ ÷ (वर्गमुळांची बेरीज)' या समान किमतीच्या सूत्राने काढल्यास जवळपास सर्व अंक बरोबर येतात. वर्गसमीकरणाच्या सूत्रातही अशीच अडचण उद्भवते आणि तेथेही सूत्राची मांडणी बदलून ती टाळता येते.

### मधल्या पायरीतील मोठ्या संख्या

पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढताना बाजूंचे वर्ग करावे लागतात. दुहेरी अचूकतेतील सर्वांत मोठी संख्या सुमारे १.८ × १०^३०८ असल्याने १०^२०० एवढ्या बाजूंचा वर्ग मर्यादेबाहेर जातो आणि उत्तर अनंत येते. प्रत्यक्षात कर्ण सहज मांडता येण्याजोगा असतो. हे टाळण्यासाठी अनेक भाषांत हायपॉट नावाचे फंक्शन दिलेले असते.

## पूर्णांक वर्गमूळ आणि अधिक अंक

दिलेल्या संख्येपेक्षा ज्याचा वर्ग मोठा होत नाही अशा सर्वांत मोठ्या पूर्णांकाला पूर्णांक वर्गमूळ म्हणतात. ३० चे पूर्णांक वर्गमूळ ५ आहे. हे काढताना केवळ पूर्णांकांवरील क्रिया वापरल्या जात असल्यामुळे संख्या कितीही मोठी असली तरी उत्तर तंतोतंत असते. पायथनमध्ये २०१९ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून आयएसक्यूआरटी हे फंक्शन उपलब्ध आहे. जावामध्ये २०१७ सालच्या ९ व्या आवृत्तीपासून मोठ्या पूर्णांकांसाठी अशी सोय आहे. पूर्ण वर्ग ओळखण्याची खात्रीची रीत म्हणजे पूर्णांक वर्गमूळ काढून, त्याचा वर्ग करून तो दिलेल्या संख्येशी ताडून पाहणे. संख्या मूळ आहे का हे ठरवताना विभाजक तिच्या वर्गमूळापर्यंतच शोधावे लागतात. तेथेही ही मर्यादा पूर्णांक वर्गमूळाने ठरवणे सुरक्षित असते. फर्माच्या अवयव पद्धतीतही पूर्ण वर्गाची ही तपासणी वारंवार करावी लागते.

१६ पेक्षा अधिक अंक हवे असल्यास पायथनचे डेसिमल मॉड्यूल वापरता येते. त्यात मूळची अचूकता २८ अंकांची असते आणि २ चे वर्गमूळ १.४१४२१३५६२३७३०९५०४८८०१६८८७२४ असे मिळते; ही अचूकता हवी तेवढी वाढवता येते. मॅक्सिमा आणि सिमपाय यांसारख्या बीजगणिती आज्ञावली वर्गमूळाचे दशांशात रूपांतरच करत नाहीत. सिमपाय √८ चे २√२ असे सरळ रूप देते, आणि √२ चा वर्ग केल्यास उत्तर नेमके २ येते.

## वेगासाठी अंदाजे वर्गमूळ

त्रिमितीय चित्रे रेखाटताना प्रकाशाची दिशा ठरवण्यासाठी वर्गमूळाचा व्यस्त सतत काढावा लागतो. तेथे १६ अंकांपेक्षा वेगाला महत्त्व असते. १९९९ सालच्या 'क्वेक ३ अरीना' या खेळाच्या आज्ञावलीतील एक युक्ती यासाठी प्रसिद्ध आहे. ही आज्ञावली २००५ साली सार्वजनिक करण्यात आली. या युक्तीत फ्लोटिंग पॉइंट संख्येचे ३२ बिट पूर्णांक म्हणून वाचले जातात, तो पूर्णांक निम्मा केला जातो आणि १,५९,७४,६३,००७ या स्थिरांकातून वजा केला जातो. मिळालेले बिट पुन्हा फ्लोटिंग पॉइंट म्हणून वाचल्यास व्यस्त वर्गमूळाचा चांगला अंदाज हाती येतो. न्यूटनच्या पद्धतीची एक फेरी केल्यावर त्यातील चूक सुमारे ०.१७५ टक्क्यांपेक्षा अधिक राहत नाही. बिटांच्या या मांडणीत घातांकाचा भाग आघाडीला असल्याने ते बिट लॉगरिदमसारखे वागतात, हे या युक्तीचे मर्म आहे.

इंटेलच्या १९९९ सालच्या पेंटियम ३ पासून प्रोसेसरातच अंदाजे व्यस्त वर्गमुळाची जलद आज्ञा मिळू लागली. त्यामुळे या युक्तीची व्यावहारिक गरज कमी झाली. काही कंपायलरमध्ये वेगाला प्राधान्य देण्याचा पर्याय निवडल्यास अचूक वर्गमूळाऐवजी अशी अंदाजे आज्ञा वापरली जाऊ शकते. अशा वेळी मानकाने दिलेली अचूकतेची हमी लागू राहत नाही.

## हे सुद्धा पहा

- वर्गमूळ
- अपरिमेय संख्या
- संमिश्र संख्या
- द्विमान पद्धती
- न्यूटन-रॅफसन पद्धत
- शुल्बसूत्रे
- आर्यभटीय